उघड्या पाण्यावरची बंद पेटी : व्हीपीएन कसं काम करतं



उजनीचं पाणी सोलापूर शहराला दोन वाटांनी जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक वाट जलवाहिनीची. धरणातून उचललेलं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर बंद नळातून थेट शहराकडे जातं. दुसरी वाट नदीची. धरणातून भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वाहत औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यांत येऊ द्यायचं आणि टाकळीहून उपसून शहरात न्यायचं. जलवाहिनीतलं पाणी फक्त शहराचं असतं. नदीतलं पाणी वाटेत सगळ्यांचं होतं. काही मुरतं, काही उन्हानं उडतं, काही काठावरच्या मोटारी ओढतात. त्या बंद राहाव्यात म्हणून नदीकाठची वीज तोडली, अशा बातम्याही आपण वाचलेल्या आहेत. मोटार लावणाऱ्याला मी सरसकट चोर म्हणणार नाही, नदी त्याच्याही दारावरूनच जाते. पण सोलापूरकरांच्या हिशेबात ते पाणी कमी झालेलं असतं.

आज पाण्याऐवजी माहितीच्या बाबतीत याच दोन वाटांचा विचार करायचा आहे. दोन कचेऱ्यांमध्ये फक्त त्यांच्यासाठी भाड्यानं घेतलेली तार असते, तिला लीज्ड लाइन म्हणतात. ती जलवाहिनी. आणि इंटरनेट ही नदी. प्रश्न असा, की नदीतून पाठवायचं, पण काम जलवाहिनीचं करून घ्यायचं, हे जमेल का? पाण्याच्या बाबतीत जमत नाही. माहितीच्या बाबतीत जमतं, आणि त्या युक्तीला व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, थोडक्यात व्हीपीएन म्हणतात.

युक्ती साधते ती एका फरकामुळे. पाणी वाटेत घेतलं की ते पुढे पोचत नाही. माहिती वाटेत कुणी घेतली तरी पुढे पोचतेच. घेणारा फक्त नक्कल करतो, त्यामुळे चोरी झाल्याचं मालकाला कळतही नाही. या अर्थानं माहितीची चोरी पाण्याच्या चोरीहून वाईट. पण ज्याच्या हाती नक्कल पडली त्याला ती वाचता येणार नाही अशी सोय करता येते. पाण्याला असं कुलूप घालता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, गावं मात्र खरी आहेत. समजा, एका दूध संस्थेची मुख्य कचेरी टेंभुर्णीला आहे. संकलन केंद्रांपैकी एक करमाळा तालुक्यात कुगावला, दुसरं पाण्यापलीकडे इंदापूर तालुक्यात कळाशीला. रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप, फॅट आणि एसएनएफ मशीनवर मोजलं जातं आणि आकडे टेंभुर्णीच्या संगणकात जातात. त्यांवरून दहा दिवसांचं बिल निघतं. गाईच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात. ३.५ च्या जागी वाटेत ३.२ झालं, तर दर उतरला. कुणाच्या घरातली मुलाची फी, कुणाचा पेंडीचा हिशेब त्या एका दशांशावर असतो. तेव्हा या गोष्टीकडे ‘मोठ्या कंपन्यांचं काहीतरी’ म्हणून बघू नका.

आता या तीन ठिकाणांना जोडायचं कसं? धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पाणी चढलं, आणि आधी नदी ओलांडून जाता येणारी समोरासमोरची गावं लांब पडली. कुगाव आणि कळाशी एकमेकांना दिसतात, पण गाडीनं जायचं तर मोठा वळसा. म्हणून लोक होडीनं जातात. २१ मे २०२४ ला याच वाटेवर वादळात होडी उलटली आणि सहा जण गेले. ते आपण विसरलेलो नाही. होडीचं उदाहरण मी पुढे देणार आहे, ते ही जाणीव ठेवूनच. शिरसोडी ते कुगाव पूल व्हावा ही मागणी का होती, ते या काठावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पूल म्हणजे आपली लीज्ड लाइन. भक्कम, थेट, आणि महाग. प्रत्येक संस्थेनं प्रत्येक केंद्रापर्यंत स्वतःचा पूल बांधायचा म्हटलं तर दुधाचा पैसा पुलातच जाईल.

मोठ्या संस्थांनी हा खर्च केलाही. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेनं १९९९ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘इन्फिनेट’ नावाचं बंद जाळं उभं केलं, तेव्हा ते उपग्रहावरून चालायचं. राज्य शासनाचं ‘स्वान’ नावाचं जाळं मंत्रालयापासून जिल्हा आणि तालुक्यापर्यंत पोचलेलं आहे. पण तालुक्याच्या पुढे, गावच्या केंद्रापर्यंत, छोट्या पतसंस्थेपर्यंत यायचं तर सगळ्यांसाठी असलेल्या इंटरनेटवरूनच यावं लागतं. तिथे व्हीपीएनची गरज सुरू होते.

पुढे जाण्याआधी शब्दाचा हिशेब करतो, जुनी खोड आहे. ‘व्हर्च्युअल’चं मराठी सगळे ‘आभासी’ करतात. मला हे भाषांतर पसंत नाही. आपल्या तत्त्वज्ञानात आभास म्हणजे शिंपल्याच्या जागी चांदी दिसणं, दोरीच्या जागी साप दिसणं. जवळ गेलं की तो नाहीसा होतो. व्हीपीएन तसा नाहीसा होत नाही. त्यातून गेलेल्या आकड्यावर खरं बिल निघतं, खरे पैसे खात्यात जमा होतात. शांकर वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. दोरीवरचा साप प्रातिभासिक. व्हीपीएन निदान व्यावहारिक पायरीवर आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थही ‘खोटं’ असा नाही. ‘नावानं तसं नाही, पण परिणामानं तसंच’ असा आहे. वेगळी तार नाही, पण वेगळी तार असल्याचं काम होतं. आता मी गुमान व्हीपीएनच म्हणतो.

पहिली अडचण पत्त्याची. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. पण कचेरीच्या आतल्या संगणकांना जे पत्ते असतात ते बहुधा खासगी असतात. १९२.१६८ नं सुरू होणारे, किंवा १० नं सुरू होणारे. हे आकडे कुणीही आपापल्या आवारात वापरावेत, असं १९९६ मध्ये ठरलं. म्हणजे ‘मारुतीच्या देवळाजवळ’ असा पत्ता समजा. गावात तो पुरतो. पण टेंभुर्णीच्या पोस्टात ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढंच लिहिलेलं पाकीट टाकलं तर पोस्टमन काय करेल? प्रत्येक गावात मारुती आहे. तसंच इंटरनेटही खासगी पत्त्याचं पाकीट पुढे नेत नाही.

मग करायचं काय? पाकीट दुसऱ्या पाकिटात घालायचं. कुगावच्या संगणकानं टेंभुर्णीच्या आतल्या संगणकासाठी पाकीट तयार केलं, त्यावर आतला पत्ता आहे. केंद्राच्या दारात एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला गेटवे म्हणतात. आपण त्याला वेशीवरचा कारकून म्हणू. तो हे पाकीट जसंच्या तसं पेटीत ठेवतो, पेटीला कुलूप लावतो आणि पेटीवर लिहितो: कुगावच्या वेशीकडून टेंभुर्णीच्या वेशीकडे. हे वेशीचे पत्ते जगजाहीर, इंटरनेटला समजणारे. पेटी होडीत चढते. नावाड्याला, म्हणजे मधल्या इंटरनेट कंपन्यांना, फक्त बाहेरचा पत्ता दिसतो आणि तेवढा त्यांना पुरतो. टेंभुर्णीच्या वेशीवरचा कारकून पेटी उघडतो, आतलं पाकीट काढतो आणि आतल्या पत्त्यावर पोचवतो. दोन्हीकडच्या संगणकांना मधल्या प्रवासाचा पत्ताच लागत नाही. त्यांना वाटतं आपण एकाच इमारतीत आहोत.

याला ‘टनेल’ म्हणतात. आपल्याकडे खरा बोगदा आहे, उजनीतून सीनेकडे पाणी नेणारा, वीसेक किलोमीटर खडक फोडून केलेला. त्यामुळे इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच खडक आणि सुरुंग येतात. व्हीपीएनच्या टनेलमध्ये खोदलेलं काहीही नसतं. एकामागून एक जाणाऱ्या बंद पेट्या, एवढाच तो बोगदा. एक पेटी पुण्याहून जाईल, दुसरी मुंबईहून. वाट ठरलेली नसते, ठरलेली असतात ती दोन टोकं.

इथे दोन व्यवहारी गोष्टी सांगतो, कारण बसवणाऱ्यांची धांदल नेमकी यांच्यापाशी होते. दुकानातून आणलेला राउटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ अशाच पत्त्यांवर येतो. कुगावलाही तेच, टेंभुर्णीलाही तेच. दोन्ही जाळी जोडली की एकाच पत्त्याची दोन घरं होतात आणि पाकीट कुठे द्यायचं ते कारकुनाला कळत नाही. म्हणून आधीच कुगावला १९२.१६८.१०, कळाशीला १९२.१६८.२० असे वेगळे गट वाटून द्यायचे. दुसरी गोष्ट वजनाची. एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. ते पेटीत घातलं की पेटीचं वजन वाढतं आणि होडीची क्षमता ओलांडते. म्हणून आतलं पाकीट थोडं लहान करावं लागतं. हे केलं नाही तर लहान संदेश जातात आणि मोठी फाइल मध्येच अडकून बसते. मग लोक म्हणतात, ‘लाइन चालू आहे पण बिल उघडत नाही.’ लाइनचा दोष नसतो, मापाचा असतो.

आता कुलपाकडे येऊ. मला स्वतःला या सगळ्यात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून जरा थांबणार आहे.

कुलूप लावायला आज बहुधा एईएस नावाची पद्धत वापरतात. दोन बेल्जियन संशोधकांनी ती बनवली आणि २००१ मध्ये अमेरिकेनं प्रमाण म्हणून स्वीकारली. पद्धत जाहीर आहे, पुस्तकात छापलेली आहे. गुपित असते ती फक्त किल्ली. दोन्ही टोकांकडे एकच किल्ली हवी. पण कुगाव आणि टेंभुर्णी एकमेकांशी बोलणार ते उघड्या पाण्यावरून. किल्लीच होडीतून पाठवली तर नावाडी तिची नक्कल करून घेईल. किल्ली बंद पेटीतून पाठवावी, तर त्या पेटीची किल्ली कशी पाठवायची? अनवस्था प्रसंग म्हणतात तो हाच.

१९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर उत्तर प्रसिद्ध केलं. किल्ली पाठवायचीच नाही. दोघांनी आपापल्या घरी बसून ती अशी तयार करायची की दोन्हीकडे एकच निघेल. लहान आकड्यांवर करून बघू, वहीत लिहून घ्या.

दोघांनी उघडपणे दोन आकडे ठरवले, २ आणि १३. सगळ्या जगाला ते माहीत. कुगावनं मनात एक आकडा धरला, ४. तो कुणाला सांगायचा नाही. २ चा गुणाकार चार वेळा: दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा. सोळाला १३ नं भागलं, बाकी राहिली ३. कुगावनं ओरडून सांगितलं, ‘तीन!’ टेंभुर्णीनं मनात धरला ५. २ चा गुणाकार पाच वेळा, बत्तीस. १३ नं भागून बाकी ६. टेंभुर्णी ओरडली, ‘सहा!’ आता कुगाव हा सहा घेऊन स्वतःच्या गुपित आकड्याइतक्या वेळा, म्हणजे चार वेळा, गुणतो. येतात १२९६. तेरा नव्व्याण्णव १२८७, बाकी ९. टेंभुर्णी तीन घेऊन पाच वेळा गुणते. येतात २४३. तेरा अठरं २३४, बाकी ९. दोघांकडे ९ आला. तीच किल्ली.

मधल्या नावाड्यानं काय ऐकलं? २, १३, ३ आणि ६. नऊ हा आकडा पाण्यावरून गेलाच नाही. नावाडी हुशार असेल तर म्हणेल, मी एकेक आकडा लावून बघतो, २ चा कितव्यांदा गुणाकार केला की बाकी ३ येते ते. तेरापर्यंत हे सहज जमेल. पण प्रत्यक्षात तेराच्या जागी सहाशेहून अधिक अंकांची मूळ संख्या घेतात. तिथे पुढे जाणं, म्हणजे गुणून बाकी काढणं, संगणकाला क्षणाचं काम आहे. उलटं येणं, बाकीवरून गुपित आकडा काढणं, हे आजच्या कुठल्याही संगणकाला जमेल अशी रीत कुणाला ठाऊक नाही. दूध विरजून दही करता येतं, दह्याचं दूध करता येत नाही, तशी ही एकेरी वाट.

यातला एक दोष मात्र लक्षात घ्या. कुगावला खात्री झाली की पलीकडे कुणीतरी आहे आणि आपल्या दोघांकडे एकच किल्ली आहे. पण तो ‘कुणीतरी’ टेंभुर्णीच आहे कशावरून? समजा, मधल्या नावाड्यानंच टेंभुर्णी बनून कुगावशी किल्ली ठरवली आणि कुगाव बनून टेंभुर्णीशी दुसरी ठरवली. मग तो प्रत्येक पेटी उघडेल, वाचेल, हवं तर ३.५ चं ३.२ करेल, पुन्हा कुलूप लावेल आणि पुढे पाठवेल. दोन्ही टोकं निश्चिंत. गुप्तता पूर्ण आहे, फक्त ती भलत्या माणसाबरोबर आहे.

म्हणून ओळख पटवणं हे कुलपाहून महत्त्वाचं काम आहे, आणि गणित ते एकट्यानं करू शकत नाही. कुठेतरी, कधीतरी, माणसाला माणसाची ओळख आधी असावी लागते. लहान संस्था दोन्ही गेटवेवर एकच गुप्त शब्द आधीच घालून ठेवतात. नीट काम करणारे प्रत्येक गेटवेला डिजिटल प्रमाणपत्र देतात, त्यावर दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्याची सही असते. काही पद्धतींत दोन्ही बाजूंच्या जाहीर किल्ल्या एकमेकांकडे हातानं लिहून ठेवतात. संस्थेचा माणूस पहिल्या दिवशी स्वतः कुगावला जाऊन यंत्रात ती नोंद करून आला, तर पुढची दहा वर्षं ती यंत्रं एकमेकांना ओळखतात. होडीतून किंवा वळशानं, पण एकदा माणूस गेला पाहिजे. गुप्त शब्द व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकणारेही असतात. मग वरचं सगळं गणित वाया.

आणखी दोन पहारे असतात. प्रत्येक पेटीवर किल्लीच्या आधारे काढलेली खूण असते. वाटेत एक आकडा जरी बदलला तरी खूण जुळत नाही आणि पेटी फेकून दिली जाते. ३.५ चं ३.२ इथे पकडलं जातं. दुसरा पहारा क्रमांकाचा. पेटी न उघडता नावाडी तिची नक्कल उद्या पुन्हा पाठवेल, म्हणजे एकाच दुधाची दोनदा नोंद. म्हणून प्रत्येक पेटीला क्रमांक असतो आणि एकदा आलेला क्रमांक पुन्हा घेतला जात नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. आयपीसेक नावाची पद्धत १९९०च्या दशकात घडली आणि आजही कचेऱ्या जोडायला तीच सर्वाधिक दिसते. त्याच काळातली पीपीटीपी नावाची सोपी पद्धत विंडोजमुळे घरोघरी गेली, पण १९९८ मध्येच तिचे दोष जाहीर झाले. तरीही ती पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली. जुनं कुलूप दारावर आहे म्हणून लोक निवांत असतात, तशातला प्रकार. २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आलं, आणि मार्च २०२० मध्ये वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यात गेलं. त्याच्या मूळ आज्ञावलीच्या ओळी चारेक हजारच आहेत, म्हणजे एखादा जाणकार बसून ती पूर्ण वाचू शकतो. सुरक्षेच्या वस्तूत ही मोठी गोष्ट आहे.

एक सावधगिरी. दूरसंचार कंपन्या ‘एमपीएलएस व्हीपीएन’ नावाची सेवा विकतात. त्यात तुमच्या पाकिटांना वेगळी खूणचिठ्ठी लावून वेगळ्या वाटेनं नेतात. ती चांगली सेवा आहे, बँका ती वापरतात. पण तिच्यात मुळात कुलूप नसतं. पेट्या वेगळ्या रांगेत असतात, बंद नसतात. घेणाऱ्यानं विचारावं, की वेगळं नेणार की बंद करून नेणार?

आता हे सगळं जमलं तरी काय जमत नाही, ते बघू. पहिलं म्हणजे पेटी बंद असली तरी होडी दिसते. किती वाजता निघाली, किती पेट्या होत्या, कुठून कुठे गेल्या, हे काठावरच्या माणसाला कळतं. दर दहा दिवसांनी रात्री पेट्यांची गर्दी झाली तर बिलाचा दिवस आहे हे कुणीही ओळखेल.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. व्हीपीएन वाट राखतो, टोकं राखत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे काढले गेले आणि १३ तारखेला आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. हे पैसे कुणी वाटेतली पेटी फोडून नेले नाहीत. हल्लेखोरांनी व्यवहाराला ‘हो’ म्हणणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली तोतया यंत्रणा उभी केली. कुलूप कितीही चांगलं असो, आत बसलेलाच तोतया असेल तर चोरीचा मालही कुलुपबंद आणि सुखरूप पोचतो.

यातूनच तिसरी गोष्ट निघते, आणि जोडणारे ती हमखास विसरतात. दोन जाळी जोडली की त्यांचे आजारही जोडले जातात. कळाशीच्या केंद्रावर कुणी पेनड्राइव्हमधून विषाणू आणला तर तो आता टेंभुर्णीचा शेजारी आहे. पूर्वी मध्ये पाणी होतं, ते अडचणीचं होतं तसं संरक्षणही होतं. म्हणून वेशीवरच्या कारकुनाला सांगून ठेवायचं: कळाशीहून येणाऱ्या पाकिटाला फक्त दुधाच्या नोंदवहीपर्यंत जाऊ दे, हिशेबाच्या खोलीत नको. एकाच बोगद्यातून आलेला प्रत्येक जण घरचा समजायचा नाही.

आतापर्यंत संस्थेच्या व्हीपीएनबद्दल बोललो. त्यात दोन्ही टोकं आपली असतात. मोबाइलवर जाहिरात येते त्या व्हीपीएनमध्ये एक टोक आपलं आणि दुसरं टोक कंपनीचं असतं. तंत्र तेच, पण नातं निराळं. तुमची पेटी इंटरनेट कंपनीला उघडता येत नाही हे खरं. ती उघडते व्हीपीएन कंपनीच्या दारात, आणि तिथून पाकीट पुढे जातं. विश्वास नाहीसा झाला नाही, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं फुकट व्हीपीएन अॅप लोकांना संरक्षण म्हणून दिलं जात होतं, आणि लोक कोणती अॅप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. २०१८ मध्ये अॅपलच्या दुकानातून ते काढावं लागलं. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला, की अशी सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. काही परदेशी कंपन्यांनी त्यावर आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो आदेश लागू नाही, तेव्हा दूध संस्थेनं घाबरायचं कारण नाही. गुन्हा शोधायला नोंद हवी हे मला कळतं. पण सगळ्यांची नोंद पाच वर्षं एका जागी ठेवली की ती जागाच चोरांचं लक्ष्य होते, हेही खरं. माझं मत विचाराल तर हा आदेश गरजेपेक्षा रुंद आहे.

आता प्रश्न घेऊ.

(एका ताईंचा प्रश्न : मी फोनवरून बँकेचं अॅप वापरते. मला व्हीपीएन घ्यायला हवा का?)

नको, ताई. बँकेचं अॅप तुमच्या फोनपासून बँकेपर्यंत स्वतःचं कुलूप लावूनच बोलतं. वर दुसरी पेटी घालून फारसं काही मिळत नाही, उलट एक अनोळखी कारकून मध्ये येतो. तुमचे पैसे जायचे तर ते ओटीपी सांगितल्यामुळे किंवा कुणी पाठवलेली अॅपची फाइल उघडल्यामुळे जातील. त्या दोन्हींवर व्हीपीएनचा काही उपाय नाही.

(एका तरुणाचा प्रश्न : सर, होडी उलटली तर? म्हणजे लाइनच गेली तर?)

चांगलं विचारलंत. व्हीपीएन पेटी बंद ठेवतो, ती पोचेलच याची हमी देत नाही. एखाददुसरी पेटी हरवली तर संगणक ती पुन्हा पाठवतात, तुम्हाला कळतही नाही. पण रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली तर बोगदाही गेला, कारण त्याला स्वतःची तार नाही. म्हणून केंद्रावर दोन वेगळ्या वाटा ठेवा, एक फायबरची आणि एक मोबाइल सिमची. गेटवेला सांगून ठेवता येतं, की पहिली गेली तर दुसरीवरून तोच बोगदा पुन्हा उभा कर. मात्र दोन्ही वाटा एकाच टॉवरवरून किंवा एकाच खांबावरून जात नाहीत ना, ते बघून घ्या. आणि मशीनला बॅटरी असू द्या, कारण इकडे लाइनीआधी वीज जाते. दोन्ही गेल्या तर माप, फॅट, एसएनएफ वहीत लिहायचं, शेतकऱ्याला पावती द्यायची आणि लाइन आली की त्याच क्रमानं भरायचं. भरताना त्या शेतकऱ्यासमोर वाचून दाखवा.